अर्जाचं शेवटचं पान



या मालेत आपण नाटकं वाचली, आत्मचरित्रं वाचली, एकदा तर शासन-निर्णयांची भाषाही वाचली. आज वाचायला घेतलेला मजकूर कधीच छापला जात नाही. त्याचे वाचक फार तर पाच-सात. ते कोण, हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं, आणि वाचून झाल्यावर ते मजकूर फाइलला लावतात. वैद्यकीय महाविद्यालयातला अध्यापक आरोग्य-संशोधनासाठी अनुदान मागायला जो अर्ज करतो, ज्याला आपल्याकडे सगळेच 'प्रपोजल' म्हणतात, तो हा मजकूर.

आम्ही म्हणजे असे अर्ज लिहिणारी, एथिक्स कमिटीवर बसून ते वाचणारी आणि विद्यार्थ्यांकडून लिहून घेणारी चार-सहा माणसं. इथे बोलणारा एक असला तरी मतं आपसात भांडून ठरवलेली आहेत. (हशा)

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या अर्जाच्या अगदी शेवटी, परिशिष्टात, एक मराठी पान असतं. रुग्णासाठीचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र. ते सगळ्यात शेवटी लिहिलं जातं, बहुतेकदा भाषांतर करून, आणि अर्जातलं सगळ्यात वाईट लेखन त्याच पानावर असतं. आम्हाला वाटतं, अर्ज तिथूनच वाचायला हवा. आणि जमलं तर तिथूनच लिहायला हवा.

आता 'ग्रँट' या शब्दापासून सुरुवात करू. मुंबईतलं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचं. हे नाव गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्यावरून आलं, अनुदानाशी त्याचा काही संबंध नाही. पण आज कुठल्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये 'ग्रँट' म्हटलं की पैसाच डोळ्यासमोर येतो. "ग्रँट मिळाली का?" असं विचारतात. "प्रश्न सापडला का?" असं कुणी कुणाला विचारताना आम्ही तरी ऐकलेलं नाही.

पैसा कुठे असतो, हे थोडक्यात सांगतो, कारण इथे बसलेल्यांपैकी काहींना ते हवं असणार.

सगळ्यात जुनं आणि मोठं दार भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं. १९११ साली 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन' म्हणून ही संस्था सुरू झाली आणि १९४९ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी तिची १९७९ पासून चालत आलेली अल्पमुदतीची योजना आहे. विद्यार्थी एका मार्गदर्शकाच्या हाताखाली दोन महिन्यांचं छोटं काम करतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या थिसिसला साहाय्य आहे. अध्यापकांसाठी बाह्य प्रकल्प आहेत, त्यांचे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात. केंद्रात २००७ साली आरोग्य संशोधन विभाग वेगळा झाला आणि २०१३ पासून सरकारी महाविद्यालयांत बहुशाखीय संशोधन केंद्रं, एमआरयू, उभी राहू लागली. जैवतंत्रज्ञान विभाग आहे. हैदराबादहून चालणारी इंडिया अलायन्सची फेलोशिप आहे, तिच्यात तो विभाग आणि लंडनचा वेलकम ट्रस्ट हे भागीदार. २०२३ च्या कायद्याने आलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आहे. परदेशी सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. पैसा परदेशातून येणार असेल तर एफसीआरए कायदा पाहावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही. म्हणजे मुंबईच्या एखाद्या मोठ्या संस्थेने परदेशी अनुदान आणायचं आणि त्यातला वाटा चंद्रपूरच्या छोट्या संस्थेला द्यायचा, हा रस्ता बंद झाला.

दारं कमी नाहीत. मग आत जातं कोण? समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली एक मोजणी प्रसिद्ध केली. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांनी किती शोधनिबंध लिहिले, याची. वर्षाला शंभरहून जास्त निबंध देणाऱ्या संस्था निघाल्या २५. दहा वर्षांत एकही निबंध नसलेली महाविद्यालयं निघाली ३३२. म्हणजे निम्म्याहून अधिक.

हा आकडा सांगितला की लोक दोन कारणं देतात. एक, डॉक्टरांना वेळ नाही. दुसरं, पैसा नाही. दोन्ही खरी आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात मेडिसिनचा अध्यापक सकाळी ओपीडी बघतो, मग वॉर्ड, मग लेक्चर, आणि निरीक्षणाच्या दिवसांत हजेरीचे कागद. त्यातून त्याची बदली होते. तरी आम्ही तिसरं एक कारण पुढे ठेवतो. आपल्याला प्रश्न विचारण्याची भाषा शिकवलेली नाही. शिकवली ती अर्ज भरण्याची भाषा. त्या भाषेचीच आज चिकित्सा करू.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक नमुना घेऊ. तो आम्हीच रचलेला आहे, कुणा एकाचा नाही. पण ज्यांनी असे अर्ज वाचले आहेत त्यांना तो ओळखीचा वाटेल.

जिल्ह्याच्या महाविद्यालयातला एक डॉक्टर. पावसाळ्यात त्याच्या वॉर्डात सापाने दंश केलेली माणसं येतात. घोणस, फुरसं, नाग, मण्यार. त्याच्या लक्षात येतं की माणसं उशिरा पोचतात. त्याहून त्रास देणारी गोष्ट अशी की वाटेत प्राथमिक आरोग्य केंद्र लागतं, माणूस तिथे थांबलेलाही असतो, पण सापाच्या लशीचा पहिला डोस तिथे न देता त्याला पुढे पाठवलेलं असतं. डॉक्टर रात्री घरी जाताना म्हणतो, "अरे, हे असं का होतंय?"

हा प्रश्न आहे. खरा, गरम, जिवंत प्रश्न.

आता योजना जाहीर होते. परिपत्रक डीनच्या कार्यालयातून विभागात येतं, तोवर मुदतीला आठ दिवस उरलेले असतात. डॉक्टर अर्ज लिहायला बसतो. आणि शीर्षक होतं: 'तृतीय स्तरावरील रुग्णालयात दाखल झालेल्या सर्पदंश रुग्णांच्या क्लिनिको-एपिडेमिऑलॉजिकल प्रोफाइलचा अभ्यास'.

बघा काय झालं ते. "का होतंय?" हे गेलं, 'प्रोफाइल' आलं. प्रोफाइल म्हणजे वय, लिंग, गाव, हात की पाय, दिवस की रात्र, किती बरे झाले, किती दगावले. ही माहिती निरुपयोगी आहे असं आम्ही म्हणत नाही. पण ती केसपेपरात आधीच आहे. डॉक्टरला ज्याने झोप येत नव्हती ते प्राथमिक आरोग्य केंद्रात घडलं होतं, आणि अभ्यास रुग्णालयाच्या दारातच थांबला.

असं का होतं? 'प्रोफाइल' सुरक्षित असतं म्हणून. त्यात कुणी दुखावत नाही. आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये लशीच्या बाटल्या किती होत्या, हे विचारावं लागत नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लागत नाही. सगळं आपल्या इमारतीत भागतं. बढतीसाठी निबंध लागतात, आणि प्रोफाइलमधून निबंध नक्की निघतो. अर्जाच्या भाषेने प्रश्नाचा काटा काढला आणि साल तेवढी ठेवली.

मग प्रस्तावना. तिची रचना इतकी ठरलेली आहे की डोळे मिटून सांगता येईल. पहिलं वाक्य जागतिक आरोग्य संघटनेचं. दुसरं देशाच्या आकड्याचं. सर्पदंशाबद्दल २०२० साली एक महत्त्वाचा अभ्यास आला, त्यात २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज आहे. हा आकडा प्रत्येक प्रस्तावनेत असतो, आणि असायलाही हवा. पण त्याच्यानंतरचं वाक्य बघा: 'तथापि, या भागात या विषयावर पुरेसे अभ्यास उपलब्ध नाहीत.' हे वाक्य आम्ही किती वेळा वाचलं त्याची गणती नाही. याला 'गॅप' म्हणतात. 'अभ्यास झालेला नाही' हे अभ्यास करण्याचं कारण होऊ शकत नाही. आपल्या तालुक्यातल्या डाव्या हाताच्या शिंप्यांच्या रक्तदाबावरही अभ्यास झालेला नाही. (हशा) काय कळलं नाही म्हणून कुणाचं काय नुकसान होतंय, हे सांगितलं तरच ती उणीव ठरते.

मग उद्दिष्टं. 'अभ्यासणे', 'निर्धारित करणे', 'मूल्यांकन करणे', 'सहसंबंध तपासणे'. क्रियापदं बदलत जातात, काम तेच राहतं. एका प्राथमिक आणि सहा दुय्यम उद्दिष्टांचा अर्ज दिसला की आम्हाला धास्ती वाटते. ज्याला एक गोष्ट शोधायची आहे तो सात लिहीत नाही. ज्याला नक्की काय शोधायचं हे कळलेलं नाही, तो सात लिहितो. नमुना-संख्येचंही तेच. सूत्र बरोबर असतं, पण त्यात घातलेलं प्रमाण दुसऱ्याच राज्यातल्या दुसऱ्याच अभ्यासातून उचललेलं असतं. संख्याशास्त्राच्या माणसाला बोलावतात ते शेवटच्या दिवशी, सही करायला.

आता शेवटच्या पानाकडे येऊ.

आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत माहिती दिली पाहिजे. औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत, त्यांतही हेच. म्हणून अर्जाला मराठी पान जोडतात. ते कसं असतं ऐका. हाही आम्ही रचलेला नमुना:

'सदर संशोधन अभ्यासामध्ये आपला सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून आपणांस कोणत्याही वेळी अभ्यासातून माघार घेण्याचे स्वातंत्र्य अबाधित राहील. आपल्या वैयक्तिक माहितीची गोपनीयता राखण्यात येईल. सदर अभ्यासाचा उद्देश सर्पदंश रुग्णांच्या लोकसांख्यिकीय व चिकित्सालयीन रूपरेषेचे मूल्यमापन करणे हा आहे.'

एकही शब्द चुकीचा नाही. आणि एकही वाक्य कुणी कुणाशी बोललेलं नाही. शेतात पायाला दंश झालेला माणूस, पाय मांडीपर्यंत सुजलेला, शेजारी बायको उभी, तिच्या हातात हा कागद. 'चिकित्सालयीन रूपरेषा'. ती विचारते, "सही कुठं करायची?" तिने दुसरं काय विचारावं? या कागदाने प्रश्न विचारायला जागाच ठेवलेली नाही.

तुम्ही म्हणाल, हा भाषांतराचा दोष आहे, मूळ इंग्रजी चांगलं असेल. आम्ही उलट म्हणतो. मूळ इंग्रजीतही प्रश्न नव्हता. इंग्रजीत ते झाकलं जातं, कारण 'प्रोफाइल' हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो. मराठीत आल्यावर उघडं पडतं. माहितीपत्रकाचं मराठी वाईट आहे, कारण रुग्णाला सांगण्यासारखं काही अर्जातच नाही.

याचा पडताळा बघू. तोच डॉक्टर. यावेळी त्याने अर्ज उघडायच्या आधी मराठी पान लिहिलं असं धरू, आणि बोलतो तसंच लिहिलं:

'तुम्हाला साप चावला आणि तुम्ही इथे आलात. चावल्यापासून इथे येईपर्यंत काय काय झालं, हे आम्हाला तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. आधी कुणाकडे गेलात, गाडी कुठून मिळाली, वाटेत कुठल्या दवाखान्यात थांबलात, तिथे लस दिली का, आणि दिली नसेल तर काय सांगितलं. ही माहिती गोळा करून आम्ही हे बघणार आहोत की लस लवकर मिळण्यात अडचण कुठे आहे. तुम्ही बोललात किंवा नाही बोललात, तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही. या अभ्यासाचा तुम्हाला स्वतःला आज काही फायदा होणार नाही. पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या कुणाला झाला तर होईल. तुमचं नाव आम्ही कुठल्याही दवाखान्याला कळवणार नाही. मध्येच थांबावंसं वाटलं तर सांगा, थांबू.'

आता हे पान अर्जाशी काय करतं ते बघा. गंमत इथेच आहे.

पहिली गोष्ट. 'तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे' असं लिहिलं की लगेच ध्यानात येतं, हा माणूस पहिले दोन दिवस बोलण्याच्या अवस्थेत नसेल. मण्यारीचा दंश असेल तर व्हेंटिलेटरवर असेल. मग मुलाखत कधी घ्यायची? आणि त्याला आणलं कुणी? भाऊ, शेजारी, जीपवाला. खरी माहिती त्यांच्याकडे. म्हणजे अभ्यासात कोण सहभागी होणार, हेच बदललं. त्यांच्यासाठी वेगळी संमती लागणार.

दुसरी. 'तिथे लस दिली का' हे एका बाजूचं ऐकून चालणार नाही. आरोग्य केंद्रात जायला लागणार, साठ्याचं रजिस्टर बघायला लागणार, तिथल्या डॉक्टरशी बोलायला लागणार. कदाचित तो सांगेल, लस होती, पण तिच्याने रिॲक्शन आली तर सांभाळायला मी एकटा, म्हणून पुढे पाठवलं. हे कळणं म्हणजे अर्ध्या प्रश्नाचं उत्तर. आणि दोषारोपाची भीती राहू नये म्हणून केंद्रांची नावं गुप्त ठेवायची पद्धत आखावी लागणार.

तिसरी. अंदाजपत्रक. यावर थोडं थांबतो. आमच्या मते अर्जातलं सगळ्यात प्रामाणिक प्रकरण हेच. पगार, उपकरणं, आवर्ती खर्च, प्रवास. माणसाला काय करायचंय हे उद्दिष्टांवरून कळत नाही, अंदाजपत्रकावरून कळतं. प्रोफाइलच्या अर्जात एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि परिषदेला जायचा प्रवास असतो. नव्या अर्जात गावागावांत फिरणाऱ्या एका क्षेत्र-कार्यकर्त्याचा पगार येतो, एसटी आणि जीपचं भाडं येतं, आणि आणखी एक ओळ येते जी आम्हाला फार क्वचित दिसते: मुलाखतीसाठी थांबलेल्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी. मार्गदर्शक तत्त्वांत प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देण्याची तरतूद आहे. ती मागितली जात नाही, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर तो माणूस उभाच नसतो. मराठी पान लिहिताना तो समोर येतो.

एका पानाने शीर्षक, सहभागी, पद्धत, अंदाजपत्रक, सगळं बदललं. आणि आता योजना शोधणंही सोपं झालं, कारण काय शोधायचं ते ठरलं. एका वर्षाची जुनी रजिस्टरं तपासायचं काम एमबीबीएसची मुलगी दोन महिन्यांच्या योजनेत करू शकेल. मुलाखतींचं काम हा एका निवासी डॉक्टरचा थिसिस होईल. आणि ही दोन्ही हातात घेऊन, जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत काही बदल करून बघायचा मोठा अर्ज आयसीएमआरकडे जाईल. केंद्राने २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचं त्यात ठरलं आहे. तिथे हा प्रश्न आपोआप बसतो. योजनेच्या मापाचा प्रश्न शिवायला जाल तर दरवेळी नवा शिवावा लागेल. प्रश्न हातात असेल तर कुठल्या योजनेत तो मावतो तेवढं बघायचं.

आपल्याकडे चांगल्या प्रश्नांची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा उच्चरक्तदाबावरचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये दिला. पन्नास रुग्ण. आपले वैद्य पूर्वापार वापरत होते त्या मुळीने रक्तदाब उतरतो का, एवढाच प्रश्न. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण बघत होते. १९८२ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्याची लक्षणं मांडली, १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिनचा अनुभव मांडला, आणि २०११ साली बीएमजेमध्ये सत्तर रुग्णांची यादृच्छिक चाचणी आली. जवळपास तीस वर्षं एकच प्रश्न, प्रत्येक वेळी जास्त काटेकोर. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास होता, आणि याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्या काळी स्त्री-आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असंच धोरणात धरलेलं असे. 'अंगावरून जाणं', 'कंबर भरून येणं' ही बायकांच्या बोलण्यातली दुखणी कुठल्या रकान्यात बसत नव्हती. हा अभ्यास आला आणि रकाना करावा लागला.

ही उदाहरणं दिली की सभागृहातून हमखास कुणीतरी म्हणतं, "म्हणजे पैशाशिवायही होतं!" नाही हो. तसं अजिबात म्हणायचं नाही. गडचिरोलीतलाच घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा अभ्यास, जो १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, त्यात ३९ गावांत काम आणि ४७ गावं तुलनेसाठी होती. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरला. गावोगावच्या आरोग्यसेविका, त्यांचं प्रशिक्षण, प्रत्येक जन्म-मृत्यूची वर्षानुवर्षं नोंद, हे फुकट होत नाही. त्याग हा संशोधनाचा अर्थसंकल्प असू शकत नाही. पैसा लागतोच. म्हणूनच तो मागणारा कागद नीट लिहायचा.

शेवटचं पान नीट लिहिलं नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या देशात घडलेलं आहे. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा एक प्रकल्प चालू होता. पाथ या संस्थेचा, गेट्स फाउंडेशनच्या पैशाने, आयसीएमआर आणि राज्य सरकारांच्या सहभागाने. २०१० साली तो थांबवावा लागला. ज्या मुलींचे मृत्यू झाले त्यांचा लशीशी संबंध दिसत नाही, असं सरकारी चौकशीत निघालं. पण संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालात संमतीवर कडक ताशेरे आले. कितीतरी संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. पैसा होता, मोठ्या संस्था होत्या, लसही कामाची होती. कच्चं राहिलं ते शेवटचं पान. एक चांगली लस लोकांच्या मनात वर्षानुवर्षं संशयाची होऊन बसली. म्हणून आम्ही म्हणतो, हे पान म्हणजे नुसती औपचारिकता नाही.

आता पैसा देणाऱ्यांबद्दल बोललं पाहिजे. सगळा दोष अर्ज लिहिणाऱ्यावर टाकणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही.

अर्जाचा नमुना देणाऱ्या संस्था मराठी पान मागतात ते परिशिष्ट म्हणून. त्याच्या भाषेचं मूल्यमापन झालेलं आम्ही पाहिलेलं नाही. भाषांतर बरोबर असल्याचं प्रमाणपत्र जोडलं की काम झालं. नकार येतो तो एका ओळीचा: 'नावीन्य नाही.' जिल्ह्याच्या पातळीवरच्या प्रश्नात जगाला नावीन्य कुठून दिसणार? दुसरीकडे सिद्ध झालेली गोष्ट आपल्याकडे का होत नाही, हे शोधणं दिसायला जुनं, पण जीव वाचवायला तेच उपयोगी. आणि नकाराची कारणं दोन परिच्छेदांत लिहून आली तर तेवढ्यानेसुद्धा छोट्या महाविद्यालयातला माणूस पुढचा अर्ज चांगला लिहील. आज त्याला ते शिकवणारं दुसरं कुणी नाही.

पैसे मंजूर झाल्यावरची तऱ्हाही सांगायला हवी. हप्ता आर्थिक वर्षाच्या शेवटी येतो आणि ३१ मार्च डोक्यावर असतो. खरेदी जेम पोर्टलवरून. उपयोगिता प्रमाणपत्र, बारा-अ नमुन्यात. ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. क्षेत्र-कार्यकर्त्याचा पगार तीन-तीन महिने रखडतो, तो सोडून जातो, आणि गावात ज्याच्याशी लोक बोलायला लागले होते तोच माणूस जातो. हिशेब हवाच, सरकारी पैसा आहे. पण हिशेब सांभाळणारा एक माणूस महाविद्यालयाने दिला तर डॉक्टरला पावत्या चिकटवत बसावं लागणार नाही. आमच्या माहितीतल्या एका महाविद्यालयात मंजूर झालेला प्रकल्प परत गेला, कारण बँकेत खातं कुणाच्या नावाने उघडायचं यावर सात महिने टिपणी फिरत राहिली. (सभागृहात कुजबुज) हसू नका, तुमच्याकडेही फिरली असेल.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला, प्रयोगशाळेतल्या संशोधनाचं काय? जनुकं, प्रथिनं, ती मराठीत कशी सांगणार? ज्याच्या रक्तातून ते जनुक काढायचंय त्याला सांगायचं आहे ना, मग सांगायलाच लागेल. 'चिठ्ठी टाकून ठरवू, कुणाला नवं औषध आणि कुणाला नेहमीचं' हे वाक्य आमच्या क्षेत्र-कार्यकर्त्या रोज बोलतात, आणि ऐकणाऱ्याला ते 'यादृच्छिकीकरण' या शब्दाहून लवकर कळतं. दुसरा आक्षेप, परीक्षक तर इंग्रजीच वाचणार. वाचू देत. पण मराठीत नीट सांगता आलेला प्रश्न इंग्रजीतही नीट उतरतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. गोंधळलेला प्रश्न मात्र कुठल्याच भाषेत सुधारत नाही.

एथिक्स कमिटीवर एक सामान्य नागरिक असावा लागतो, डॉक्टर नसलेला. बहुतेक ठिकाणी निवृत्त शिक्षक किंवा समाजसेविका. बैठकीत सगळे मोठे डॉक्टर बोलून झाले की त्या हळूच म्हणतात, "सर, हे मराठी मला कळलं नाही." लोक हसतात, 'दुरुस्त करून घेऊ' म्हणतात, पुढचा विषय घेतात. आमची विनंती आहे, तिथे थांबा. त्या बाई व्याकरणाची चूक काढत नाहीयेत. तुम्हाला नक्की काय शोधायचं आहे, असं त्या विचारतायत. त्या खोलीतला सगळ्यात चांगला परीक्षक त्या क्षणी बोलत असतो.

तेव्हा जे पुढच्या महिन्यात अर्ज भरणार आहेत त्यांना एवढंच सांगणं. पोर्टल उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या. ज्याला विचारायला जाणार आहात त्या माणसाला सांगाल तसं लिहा, मराठीत, एका पानात. ते वॉर्डातल्या मावशींना, एखाद्या आशाताईंना वाचून दाखवा. त्यांनी "मग ह्याचं पुढं काय करणार?" असं विचारलं तर समजा, प्रश्न पोचला. उत्तर देता आलं तर अर्ज भरा. नाही आलं तर मुदत जाऊ द्या. पुढची योजना येईलच, दरवर्षी येते.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.